बोटीच्या इंजिन-खणातली हवा आणि वायरिंग: नव्याने शिकणाऱ्यांसाठी

आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन होऊन बाहेर पडलेल्याला पुण्याच्या आसपास बोटीचं काम करायचं, तर पाणी खडकवासल्याचं, पानशेतचं, मुळशीचं, नाहीतर भिगवणजवळ उजनीचं. हातात कसब असतं, पण सवयी घरच्या आणि गाडीच्या वायरिंगच्या असतात, आणि त्याच इथे नडतात. गाडीत गळलेल्या पेट्रोलची वाफ बॉनेटखालून रस्त्यावर उतरते आणि उडून जाते. बोटीला तळ बंद असतो. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, त्यामुळे ती इंजिनखाली बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या सगळ्यात खोल भागात, जाऊन बसते. हवेत तिचं प्रमाण साधारण 1.4 ते 7.6 टक्क्यांच्या दरम्यान असलं की एक ठिणगी पुरते.

म्हणून आधी हवेचं बघायचं, मग वायरीचं. ब्लोअर, म्हणजे खणातला पंखा, वाफ बाहेर ओढणारा हवा. त्याच्या पाइपचं तोंड खणाच्या खालच्या एक तृतीयांश उंचीत ठेवा, पण बिल्जमध्ये नेहमी साचणाऱ्या पाण्याच्या वर. ताजी हवा आत येण्याची वाट समोरच्या टोकाला काढा. दोन्ही तोंडं शेजारीशेजारी असली तर तीच हवा फिरत राहते. पाइपला झोळ पडू देऊ नका. झोळात पाणी साचलं की ब्लोअरचा आवाज छान येतो, वाफ मात्र जागची हलत नाही. बाहेरच्या तोंडाशी कागदाची पट्टी धरून बघा: ती फडफडली पाहिजे.

पेट्रोल भरताना ब्लोअर बंद आणि खणाचं झाकण लावलेलं. भरून झालं की झाकण उघडा, 4 मिनिटं ब्लोअर चालवा आणि खाली वाकून वास घ्या. वास आला तर चावीला हात लावायचा नाही, आधी गळती शोधायची.

डिझेलला हा धोका बराच कमी, पण हवा भरपूर लागते. 2 लिटरचं फोर-स्ट्रोक इंजिन 3000 आरपीएमला मिनिटाला साधारण 3000 लिटर हवा ओढतं, टर्बो असेल तर त्याहून जास्त. झाकण घट्ट आणि वाट अरुंद असली की इंजिन गुदमरतं, काळा धूर सोडतं.

आता वायर. तपकीर गल्लीत मिळणारी घरगुती मल्टिस्ट्रँड वायर लवचिक असते, पण तिच्या तांब्यावर कथिलाचा मुलामा नसतो. दमट खणात ती आतल्या आत काळी पडते. टोक सोलून बघा: तारा काळपट दिसल्या तर चमकदार तांबं लागेपर्यंत कापत जा, नाही लागलं तर वायरच बदला. नवीन काम टिन्ड, म्हणजे कथिलाचा मुलामा दिलेल्या, तांब्याच्या वायरीतच करा. पीळ देऊन काळी टेप गुंडाळणं इथे चालत नाही. नुसतं सोल्डरिंगही नको, कारण जिथे सोल्डर संपतं तिथे वायर कडक होते आणि इंजिनच्या थरथरीने तिथेच तुटते. लग (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) क्रिम्प करा, म्हणजे पकडीने दाबून बसवा, जोरात ओढून बघा, मग आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. वायर दर 45 सेंटिमीटरला क्लिपमध्ये धरा, एक्झॉस्टपासून लांब.

जाडी अंदाजाने ठरवू नका. 12 व्होल्टवर 5 अँपिअरचा बिल्ज पंप बॅटरीपासून 4 मीटरवर असेल तर जाऊन-येऊन 8 मीटर वायर. दीडच्या (1.5 चौरस मिलिमीटर) वायरीत 0.47 व्होल्ट म्हणजे 3.9 टक्के घट होते, अडीचच्या वायरीत 0.28, म्हणजे 2.3. पंप, ब्लोअर आणि दिशादर्शक दिव्यांना 3 टक्क्यांच्या वर घट नको, म्हणून अडीच. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून 18 सेंटिमीटरच्या आत, कारण बॅटरी आणि फ्यूजमधल्या तुकड्याला फ्यूजचं संरक्षण नसतं. बिल्ज पंपाच्या फ्लोट स्विचला (पाणी चढलं की पंप आपोआप सुरू करणारा) मेन स्विचच्या अलीकडून, बॅटरीच्या बाजूने, स्वतंत्र फ्यूज देऊन थेट सप्लाय द्या. नाहीतर जुलैत मेन बंद करून उभी केलेली बोट पावसाने भरते आणि पंप गप्प बसतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक सुट्या भागांची. नाना पेठेतला गाडीचा स्टार्टर किंवा अल्टरनेटर बोल्टला बरोबर बसतो, चालतोही. पण त्याच्या ब्रशपाशी उडणारी ठिणगी उघड्यावर असते. पेट्रोलच्या खणातला प्रत्येक स्विच, मोटर, रिले इग्निशन-प्रोटेक्टेड हवा, म्हणजे त्याच्या ठिणगीने बाहेरची वाफ पेटता कामा नये. त्यावर आयएसओ 8846 ची खूण बघून घ्या.

बॅटरी शक्यतो या खणाबाहेर, पट्ट्याने घट्ट बांधलेली आणि टर्मिनल झाकलेली. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते, आणि तो वर जातो. म्हणून तिच्या पेटीला हवेची वाट वरून काढा. काढताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी, आणि काढायची ती ब्लोअर चालवून झाल्यावरच.