‘झालंच समजा’ला इंग्रजीत काय म्हणाल?

माझं माहेर तासगाव तालुक्यातलं. दहावीपर्यंत मराठी माध्यम, सातवीपर्यंत तर जिल्हा परिषदेची शाळा. अकरा वर्षं बॅकएंडचं, म्हणजे वेबसाइट-अ‍ॅपच्या पडद्यामागच्या कोडचं, काम करतेय, त्यातली शेवटची चार सांगलीत, विश्रामबागच्या घरातून. रविवारी सकाळी आमच्याकडे सांगली-मिरजेची पाच-सहा पोरं-पोरी लॅपटॉप घेऊन येतात. कोड त्यांचा चांगला असतो, पण क्लायंटशी इंग्रजीत बोलायची वेळ आली की त त प प होतं. त्यांना जे सांगते तेच इथं लिहितेय.

फाडफाड इंग्रजीच्या क्लासला लगेच पैसे भरू नका. तिथं स्वतःची ओळख करून द्यायला, हॉटेलात जेवण मागवायला शिकवतात. तुम्हाला इंग्रजी लागतं ते तिकिटात (कामाची किंवा तक्रारीची नोंद), कमिट मेसेजमध्ये (कोडमधल्या बदलासोबतची टीप), पुल रिक्वेस्टमध्ये (बदल मुख्य कोडमध्ये घ्या ही विनंती), चॅटवर आणि रोजच्या स्टँडअपला (टीमची छोटी बैठक). यातलं बोलायचं काय ते स्टँडअप, बाकी सगळं लिहायचं. लिहिताना थांबता येतं, खोडता येतं, म्हणून सुरुवात लिहिण्यापासून करा.

पहिल्या नोकरीतला एक प्रसंग सांगते. अमेरिकेतल्या क्लायंटकडून विचारणा आली, पेमेंटच्या बदलाचं कुठवर आलं? मी लिहिलं, ‘आय विल रिव्हर्ट बाय इव्हिनिंग.’ संध्याकाळपर्यंत उत्तर कळवते, एवढंच माझ्या मनात होतं. आपल्याकडं ऑफिसाऑफिसांत हा शब्द याच अर्थानं चालतो. पण गिटमध्ये, म्हणजे कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनात, रिव्हर्ट म्हणजे केलेला बदल उलटवणं. तिकडं वाटलं, मी बदल मागं घेतेय. त्यांनी त्या दिवशीचं रिलीज थांबवलं आणि रात्री साडेअकरापर्यंत मी खुलासे देत बसले. ‘आय विल रिप्लाय बाय सिक्स पीएम इंडिया टाइम’ एवढं लिहिलं असतं तर रिलीज अडलं नसतं.

असे आणखी काही शब्द आहेत. ‘आय हॅव अ डाउट’ म्हटलं की आपल्याला शंका विचारायची असते, पण ऐकणाऱ्याला वाटतं त्याच्या बोलण्यावर संशय घेतलाय. ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हणा. ‘प्रीपोन’ भारताबाहेर बहुतेकांना कळत नाही. ‘डू द नीडफुल’ लिहिण्याऐवजी समोरच्यानं नेमकं काय करायचं ते लिहा. दोन लाख रेकॉर्ड असतील तर ‘टू हंड्रेड थाउजंड’, आणि आकडा २,००,००० असा न लिहिता २००,००० असा. तारीख ५/६ लिहिली तर आपण ५ जून वाचतो आणि अमेरिकन माणूस ६ मे. महिना नेहमी अक्षरात लिहा.

आता शीर्षकातला प्रश्न, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. रविवारी येणारी एक मुलगी म्हणाली, ‘ताई, मी स्टँडअपला ऑलमोस्ट डन म्हणते, तरी ते रोज तेच विचारतात.’ मी विचारलं, नक्की कुठवर आलंय? ‘झालंच समजा.’ कोड लिहून झाला? हो. टेस्ट चालवल्यास? दोन फेल होताहेत. रिव्ह्यूला टाकलास? अजून नाही.

पाहुणे दारात आले की आपण ‘स्वयंपाक झालाच’ म्हणतो, तेव्हा कुकरची शिट्टीही झालेली नसते. त्या बोलण्यात पाहुण्यांना धीर असतो आणि ते त्यांनाही कळतं. क्लायंटला मात्र काम कोणत्या मुक्कामावर आहे ते हवं असतं: लिहून झालं, टेस्ट पास झाल्या, रिव्ह्यूत आहे, मर्ज झालं (मुख्य कोडमध्ये मिसळलं), डिप्लॉय झालं (वापरणाऱ्यांपर्यंत पोचलं). त्या दिवशी तिच्याकडून वहीत तीन वाक्यं लिहून घेतली. ‘द कोड इज रिटन. टू टेस्ट्स आर फेलिंग. आय विल ओपन द पुल रिक्वेस्ट टुमॉरो मॉर्निंग.’ यातला एकही शब्द तिला नवा नव्हता.

‘बघते’ आणि ‘प्रयत्न करते’ यांचंही तेच. आपल्याकडं तो मऊ नकार असतो. इंग्रजीत ‘आय विल ट्राय’ ऐकणारा त्यावर पुढचं काम आखून मोकळा होतो. ‘आय कान्ट फिनिश धिस बाय फ्रायडे. आय कॅन फिनिश इट बाय ट्यूसडे.’ नकाराला पुढची तारीख जोडली की कुणी वाईट वाटून घेत नाही.

बग रिपोर्ट शिकवताना मला वडिलांच्या हातातली पट्टी आठवते. ते बेदाणा सौद्याला न्यायचे. सौदा झाला की अडत्या पट्टी करून द्यायचा: माल किती, वजन किती, दर काय, हमाली-तोलाई वजा जाता हातात किती. वडील चौथी शिकलेले, पण पट्टी वाचून त्यांना कुणाला काही विचारावं लागत नसे. रिपोर्ट तसा हवा. एका मुलानं लिहिलं होतं, ‘लॉगिन इज नॉट वर्किंग प्रॉपरली, प्लीज चेक.’ त्याला म्हटलं, आधी मराठीत सांग. काय केलंस, काय व्हायला हवं होतं, काय झालं? मग तेच त्यानं इंग्रजीत लिहिलं: ‘एंटर अ राँग पासवर्ड ट्वाइस, देन द करेक्ट वन. एक्सपेक्टेड: द डॅशबोर्ड ओपन्स. अ‍ॅक्च्युअल: द पेज स्टेज ब्लँक, द सर्व्हर रिटर्न्स ५००.’ खाली ब्राउझरचं नाव. (५०० हा सर्व्हरमधल्या बिघाडाचा कोड.) मराठीत जे धड सांगता येत नाही, ते इंग्रजीतही धड उतरत नाही.

कमिट मेसेज आज्ञार्थी लिहा. ‘फिक्स्ड’ नको, ‘फिक्स’. गिट स्वतः मेसेज तयार करतं तेव्हाही ‘मर्ज ब्रँच’ असंच लिहितं. पहिली ओळ साधारण ५० अक्षरांत बसवा, का केलं ते एक ओळ सोडून खाली.

‘अ’ आणि ‘अ‍ॅन’ मराठीत नाहीत, म्हणून ते चुकतात. स्पेलिंग विसरा, उच्चार ऐका. ‘यूजर’ आणि ‘यूआरएल’ यांचा उच्चार य पासून सुरू होतो, म्हणून ‘अ यूजर’, ‘अ यूआरएल’. ‘एचटीटीपी’ स्वरानं सुरू होतं, म्हणून ‘अ‍ॅन एचटीटीपी रिक्वेस्ट’. उच्चारांचं म्हणाल तर ‘cache’ (तात्पुरता साठा) हा शब्द कॅशे नाही, कॅश. बाकीचे ऐकता ऐकता सुधारतात.

वाचनासाठी वेगळं पुस्तक नको, एरर मेसेजच शब्द न् शब्द वाचा. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ दिसलं तर बहुतेक वेळा समोरचं मशीन जागं असतं, त्या पोर्टवर (जोडणीच्या क्रमांकाच्या दारावर) ऐकणारं कुणी नसतं. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे ठरलेल्या वेळेत उत्तरच आलं नाही. दोन्हीला ‘सर्व्हर डाउन’ म्हणून टाकलं की शोध चुकीच्या जागी सुरू होतो. ‘डेप्रिकेटेड’ म्हणजे काढून टाकलेलं असं अनेक जण समजतात; ते अजून चालतं, पण नव्या कामात वापरू नका असा तो इशारा असतो. ‘मस्ट’ आणि ‘शुड’ यांतला फरक तर १९९७ सालच्या आरएफसी २११९ मध्ये लिहूनच ठेवलाय (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांची क्रमांकित कागदपत्रं). ‘मस्ट’ म्हणजे सक्ती. ‘शुड’ म्हणजे सबळ कारण असेल आणि परिणाम समजून घेतले असतील तरच सोडायचं. इंटरनेटचे कितीतरी प्रोटोकॉल या शब्दांवर उभे आहेत. तीनच पानं आहेत, शब्दकोश घेऊन बसा.

बोलण्याचा सराव एकच सांगते. स्टँडअपच्या आधी तीन वाक्यं कागदावर लिहा, मोबाइलवर रेकॉर्ड करा, ऐका. घाईत शब्दांची शेवटची अक्षरं गिळली जातात, ती रेकॉर्डिंगमध्ये सापडतात. ‘फेल्ड’मधला ड गेला की काल फेल झालेली टेस्ट आजही फेल होतेय असं ऐकू जातं.

आणि समोरच्याचं कळलं नाही तर मान हलवू नका. ‘सॉरी, आय डिड नॉट कॅच दॅट. कुड यू टाइप इट इन द चॅट?’ हे वाक्य मी स्वतः आजही आठवड्यातून दोनदा तरी वापरते. टाइप झालेलं नंतर सावकाश वाचता येतं, तिकिटातही चिकटवता येतं.