एटीपी६व्ही१ए बंद केल्यावर लायसोझोमचा पीएच कसा मोजायचा

वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे अँटिबॉडीने प्रथिन ओळखण्याच्या चाचणीत, ७० किलोडाल्टनजवळचा बँड फिका पडला, की जनुक दबलं एवढंच कळतं. पंप थांबला की नाही, हे त्यावरून ठरत नाही. एटीपी६व्ही१ए या जनुकापासून बनतो तो व्ही-एटीपीएज या प्रोटॉन पंपाचा ‘ए’ पोटएकक, म्हणजे पंपाच्या अनेक घटक प्रथिनांपैकी एक. याच पोटएककापाशी एटीपी तुटतो आणि त्या ऊर्जेवर प्रोटॉन लायसोझोमच्या, म्हणजे पेशीतल्या आम्लधर्मी पचनपिशवीच्या, आत ढकलले जातात. म्हणून प्रश्न कार्याचा असेल तर उत्तर लायसोझोमच्या आतल्या पीएचमध्येच शोधावं लागतं. इथे त्यासाठी ९६ वेलच्या प्लेटवर करायची फ्लुरोसंट डेक्स्ट्रानची, म्हणजे चमकणारा रंग जोडलेल्या साखरेच्या लांब साखळीची, पद्धत दिली आहे. हीला पेशींसारख्या चिकटून वाढणाऱ्या पेशी गृहीत धरल्या आहेत.

आधी जनुकाच्या निवडीबद्दल, कारण निम्मे प्रयोग इथेच फसतात. पंपाचे दोन भाग असतात. पेशीद्रवाच्या बाजूचा व्ही१ एटीपी तोडतो आणि पटलात रुतलेला व्हीओ प्रोटॉन पलीकडे नेतो. व्ही१ मध्ये ‘ए’ आणि ‘बी’ प्रत्येकी तीन, आलटून पालटून कड्यासारखे बसलेले असतात. ‘बी’साठी माणसात दोन जनुकं आहेत. बी१ मुख्यतः मूत्रपिंडाच्या इंटरकॅलेटेड पेशींत आणि आंतरकर्णात आढळतो, तर बी२ जवळजवळ सगळीकडे. बी१ च्या जनुकात बिघाड झाला की मूत्रपिंडाचा दूरस्थ नलिकेचा ॲसिडोसिस आणि बहिरेपणा एकत्र दिसतात, हे १९९९ मध्ये समोर आलं. आता हीला पेशींत कोणी बी१ दाबून ‘पीएचमध्ये फरकच नाही’ म्हणत असेल, तर तिथे काम बी२ करत होता. व्हीओमधल्या छोट्या ‘ए’ पोटएककाचे तर चार प्रकार आहेत. व्ही१ मधल्या मोठ्या ‘ए’ला मात्र माणसात एकच जनुक आहे, त्याची जागा घेणारं भावंड नाही. सगळ्या पेशीचा पंप कमकुवत करायचा असेल तर एटीपी६व्ही१ए ही सर्वांत सरळ निवड. जुन्या कॅटलॉगमध्ये अँटिबॉडी शोधताना हेच प्रथिन व्हीए६८ किंवा एटीपी६ए१ या नावांनीही सापडतं. जठरातला प्रोटॉन पंप हा वेगळ्या कुळातला आहे. ओमेप्राझोल त्याच्यावर चालतं, या पंपाला रोखण्यासाठी त्याचा उपयोग नाही.

दोन वेगवेगळे एसआयआरएनए (जनुक दाबणारे आरएनएचे छोटे तुकडे) आणि एक कुठल्याच जनुकाला न लागणारा कंट्रोल घ्या. एकाच एसआयआरएनएवर निष्कर्ष काढू नका. अंतिम प्रमाण २० नॅनोमोलर ठेवा. १०० मायक्रोलिटरच्या वेलमध्ये हे २ पिकोमोल होतात, म्हणजे १० मायक्रोमोलरच्या साठ्यातून ०.२ मायक्रोलिटर. एवढं थेट पिपेटने घेणं अचूक होत नाही, म्हणून एकेका एसआयआरएनएच्या सगळ्या वेलसाठी तो आणि त्याला पेशीत नेणारं ट्रान्सफेक्शन द्रव्य यांचं मिश्रण एकत्रच बनवा आणि मग वाटा. काळ्या भिंतीची, पारदर्शक तळाची प्लेट घ्या. मिश्रण आधी वेलमध्ये टाकून त्यावर वेलमागे सुमारे ५,००० पेशी सोडा आणि २४ तासांनी मीडियम बदला. एमआरएनए लवकर उतरतो, पण पंपात जुळून बसलेलं प्रथिन सावकाश जातं. म्हणून मोजणी ७२ व्या तासाला ठेवा. ४८ तासांना घाईने मोजणाऱ्यांना बहुतेकदा जुन्याच पंपाचं काम दिसतं. उलट पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत थांबलात तर पेशींची तब्येतच ढासळते आणि पीएचमधला बदल पंपामुळे की मरणासन्न पेशींमुळे, हे सांगता येत नाही.

प्लेटची मांडणी पेशी पेरण्याआधी कागदावर काढा. कंट्रोल आणि दोन एसआयआरएनए यांच्या प्रत्येकी ६ वेल रंग टाकण्यासाठी आणि ३ वेल बिनरंगाच्या. कंट्रोल पेशींच्या ३ वेल बॅफिलोमायसिन या पंप रोखणाऱ्या औषधासाठी. सात पीएचच्या कॅलिब्रेशनसाठी, म्हणजे चमक आणि पीएच यांचा मेळ बसवण्यासाठी, प्रत्येकी ३ प्रमाणे २१. एकूण ५१ होतात. कडेच्या ३६ वेल बाष्पीभवनामुळे सोडल्या, तरी आतल्या ६० पुरतात.

रंग म्हणून फ्लुरोसीन लावलेलं ७० किलोडाल्टनचं डेक्स्ट्रान चालतं. ते बफर सलाइनमध्ये २५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर विरघळवा, ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा आणि अंधारात ठेवा. आलेल्या मालात सुटं फ्लुरोसीन मिसळलेलं असू शकतं. ते पेशीभर पसरून पार्श्वभूमी वाढवतं, म्हणून आधी डायलिसिस किंवा डीसॉल्टिंग कॉलम केलेला बरा. ५२ व्या तासाला वेलमागे २ मायक्रोलिटर टाका, म्हणजे अंतिम ०.५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर होतं. १६ तास राहू द्या. ६८ व्या तासाला कोमट मीडियमने तीनदा धुऊन बिनरंगाच्या मीडियममध्ये ४ तास ठेवा. हे ४ तास कापू नका. पेशीने गिळलेलं डेक्स्ट्रान आधी एंडोसोममध्ये, म्हणजे लायसोझोमच्या वाटेवरच्या पिशवीत, असतं आणि तिथला पीएच लायसोझोमपेक्षा जास्त असतो. रंग अर्ध्या वाटेत असताना मोजलंत तर निरोगी कंट्रोलही ५.८ वगैरे दाखवतो आणि सगळा प्रयोग वाया जातो.

बॅफिलोमायसिन ए१ ची १० मायक्रोग्रॅमची कुपी आली असेल तर १६० मायक्रोलिटर डीएमएसओ घाला, साठा १०० मायक्रोमोलर होतो. हजारपट पातळ केला की १०० नॅनोमोलर. हे फक्त शेवटच्या १ तासात टाका. रंग भरण्याआधी टाकलंत तर एंडोसोमकडून लायसोझोमकडे जाणारी वाहतूकच अडते आणि रंग पोहोचत नाही. बाकी सगळ्या जिवंत, म्हणजे कॅलिब्रेशनच्या नसलेल्या, वेलमध्ये त्याच वेळी तेवढंच, म्हणजे ०.१ टक्का, डीएमएसओ टाका. साठ्याचे छोटे भाग करून गोठवा, कारण पुन्हा पुन्हा वितळवलेलं बॅफिलोमायसिन कमजोर पडतं. हातमोजे घाला. हे आणि पुढे येणारं निजेरिसिन, दोन्ही विषारी आहेत.

आता कॅलिब्रेशन, या कामाचा कणा. यंत्र फक्त चमक दाखवतं. त्या चमकेचा अर्थ कोणता पीएच, हे त्याच दिवशी, त्याच प्लेटवर, त्याच पेशींत ठरवावं लागतं. नळीतल्या बफरमध्ये रंग घालून काढलेला आलेख इथे चालत नाही, कारण लायसोझोमच्या आतल्या गर्दीत रंगाची वागणूक बदलते. १०० मिलिलिटर बफरसाठी पोटॅशियम क्लोराइड ०.९३२ ग्रॅम, सोडियम क्लोराइड ०.१४६ ग्रॅम आणि निर्जल एमईएस (पीएच स्थिर ठेवणारं बफर द्रव्य) ०.४८८ ग्रॅम घ्या. म्हणजे अनुक्रमे १२५, २५ आणि २५ मिलिमोलर. एमईएसची बाटली मोनोहायड्रेटची असेल तर ०.५३३ ग्रॅम लागेल, लेबल वाचा. पीएच ४.०, ४.५, ५.०, ५.५, ६.०, ६.५ आणि ७.० असे सात बफर करा. एमईएसचा पीकेए (ज्या पीएचभोवती त्याचं काम सर्वांत चांगलं चालतं तो आकडा) ६.१ च्या आसपास असल्याने ४.० आणि ४.५ ला त्याची पकड ढिली असते, तिथे २५ मिलिमोलर ॲसिटेट वापरा. ७.० साठी एचईपीईएस घ्या. मीटर ३७ अंशांवर जुळवून पीएच ३७ अंशांवरच लावा.

मोजणीच्या आधी या बफरमध्ये निजेरिसिन आणि मोनेन्सिन प्रत्येकी १० मायक्रोमोलर टाका. पहिलं पोटॅशियमच्या बदल्यात प्रोटॉन नेतं, दुसरं सोडियमच्या बदल्यात. दोघं मिळून आतबाहेरचा पीएच सारखा करतात. निजेरिसिनचं सोडियम लवण ५ मिलिग्रॅम असेल तर ०.६७ मिलिलिटर इथेनॉलमध्ये १० मिलिमोलरचा साठा होतो, तो हजारपट पातळ करायचा. बफर टाकल्यावर १० मिनिटं थांबा. निजेरिसिन प्लॅस्टिकला चिकटून राहतं. ज्या ट्रफमधून ते ओतलं, ती ट्रफ पुन्हा जिवंत वेलसाठी वापरू नका. कॅलिब्रेशनच्या वेल प्लेटच्या एका बाजूला सलग ठेवण्याचं कारण हेच. जिवंत वेलचं वाचन आधी उरका, निजेरिसिन त्यानंतर.

वाचनाआधी मीडियम काढून १० मिलिमोलर एचईपीईएस घातलेलं, ग्लुकोज असलेलं हँक्स बफर सलाइन द्या. मीडियममधला फिनॉल रेड आणि रायबोफ्लेविन दोन्ही मोजणी बिघडवतात. पण या सलाइनमध्ये अमिनो आम्लं नसतात, आणि त्यांच्या अभावी व्ही१ आणि व्हीओ यांची जुळणी वाढते. म्हणजे तुम्ही वाट पाहत बसलात तर ज्या पंपाचं माप घ्यायचं तोच बदलत जातो. १५ ते २० मिनिटांत वाचन संपवा आणि प्रत्येक वेलला सारखाच वेळ मिळेल असं पाहा. यंत्र ३७ अंशांवर असावं. उत्तेजन आधी ४९० आणि मग ४४० नॅनोमीटर, उत्सर्जन ५३५. फ्लॅश कमीत कमी ठेवा, फ्लुरोसीन पटकन विझतं.

बिनरंगाच्या वेलची सरासरी दोन्ही तरंगलांबींसाठी वेगवेगळी वजा करा आणि मग ४९० ला ४४० ने भागा. वजाबाकी आधी, भागाकार नंतर. आम्लात फ्लुरोसीन मंद असतं, त्यामुळे पेशींची स्वतःची चमक, जी ४४० ला जास्त असते, गुणोत्तर खाली ओढते आणि पीएच आहे त्याहून आम्लधर्मी दिसतो. गुणोत्तर घेण्याचं कारणही नीट लक्षात असू द्या. पंप दाबलेल्या पेशी रंग कमीजास्त गिळू शकतात. नुसती ४९० ची चमक पाहिली तर कमी रंग आणि जास्त आम्ल यांत फरक करता येत नाही. भागाकारात रंगाचं प्रमाण कटून जातं.

सात बिंदूंमधून एस आकाराचा वक्र बसवा, सरळ रेषा नको. समजा वक्रावर ४.५ ला गुणोत्तर १.४०, ५.० ला १.६२, ५.५ ला २.०५ आणि ६.० ला २.७५ आलं. कंट्रोलचं १.५५ असेल तर पीएच साधारण ४.८, एसआयआरएनएचं २.२० असेल तर ५.६, आणि बॅफिलोमायसिनचं २.९० म्हणजे ६ च्या वर. ४.८ वरून ५.६ हा आकडा लहान वाटतो, पण पीएचची मोजपट्टी लॉगची आहे. आतल्या प्रोटॉनचं प्रमाण सुमारे एक षष्ठांशावर आलं. आता त्याच गुणोत्तरांत ०.०५ चा चुकार फरक धरून पाहा. ५.५ ते ६.० च्या पट्ट्यात तो जेमतेम ०.०४ पीएचचा होतो, पण ४.५ ते ५.० मध्ये ०.११ चा. फ्लुरोसीनचा पीकेए ६.४ च्या जवळ आहे, त्यामुळे ५ च्या खाली त्याचा वक्र सपाट होत जातो. कंट्रोल ४.५ होता की ४.८, याच प्रश्नावर तुमचा निष्कर्ष उभा असेल तर ओरेगॉन ग्रीन ४८८ चं डेक्स्ट्रान घ्या. त्याचा पीकेए ४.७ आहे आणि तरंगलांबी त्याच चालतात. प्रत्येक वेलचा पीएच आधी काढा, सरासरी त्यानंतर.

निकाल हाती आल्यावर नजर आधी बॅफिलोमायसिनच्या वेलकडे जावी. तिथे पीएच चढलेला नसेल तर बाकी प्लेट वाचूच नका. औषध मेलेलं आहे किंवा रंग आम्लाच्या जागी पोहोचलेलाच नाही. निरोगी कंट्रोल ४.५ ते ५.० च्या दरम्यान हवा. बॅफिलोमायसिन बरोबर चाललं, कंट्रोल बरोबर आला आणि तरी एसआयआरएनएच्या वेल कंट्रोलसारख्याच आल्या, तर ब्लॉट पुन्हा पाहा. पोटएकक ७० टक्के उतरला तरी उरलेले पंप लायसोझोमला आम्लधर्मी ठेवू शकतात. अशा वेळी ‘जनुकाचा संबंध नाही’ असं लिहिणं चूक आहे, ‘एवढ्या घटीने पीएच हलला नाही’ एवढंच लिहा. आणखी एक शक्यता जुळणीची. अख्ख्या पेशीच्या अर्कात सुटा व्ही१ आणि पटलावर बसलेला व्ही१ एकत्रच मोजला जातो. पटल आणि पेशीद्रव वेगळे करून ‘ए’चा ब्लॉट केला, की प्रत्यक्ष कामावर किती आहे ते दिसतं. व्हीओचे पटलातले पोटएककही त्याच ब्लॉटवर पाहायचे असतील तर नमुने उकळू नका, ते गोळा होऊन जेलच्या वरच अडकतात.

लायसोट्रॅकर (आम्लधर्मी पिशव्यांत साठणारा रंग) ५० नॅनोमोलर, १५ ते ३० मिनिटं, ही झटपट चाळणी म्हणून ठीक आहे, पण त्याला पीएचचं माप म्हणू नका. लायसोझोम संख्येने कमी झाले तरी त्याची चमक घटते, आणि जास्त वेळ ठेवलं तर तो स्वतःच लायसोझोमचा पीएच वाढवतो. त्यापेक्षा दुसरा साक्षीदार म्हणून कॅथेप्सिन डी हे लायसोझोममधलं विकर घ्या. आम्ल पुरेसं नसेल तर त्याचं पूर्वरूप, ५२ किलोडाल्टनच्या आसपासचं, साचतं आणि ३० च्या थोडं वरचा परिपक्व बँड फिका पडतो. पीएचचा आकडा आणि हा ब्लॉट एकाच दिशेला गेले, तर शेवटची पायरी उरते ती रेस्क्यूची, म्हणजे जनुक परत देऊन परिणाम मागे फिरतो का हे पाहण्याची. ज्यावर तुमचा एसआयआरएनए बसत नाही असा, अमिनो आम्लं तीच ठेवून न्यूक्लिओटाइड बदललेला एटीपी६व्ही१ए परत पेशीत घाला आणि हीच प्लेट पुन्हा लावा. रुग्णात सापडलेला एखादा बदल तपासायचा असेल, तर मूळ आणि बदललेला असे दोन्ही रेस्क्यू त्याच प्लेटवर शेजारी ठेवा, आणि दोघांचं प्रथिन सारख्या प्रमाणात बनलंय का हे ब्लॉटवर पाहून मगच पीएचची तुलना करा.