जुनं आउटबोर्ड इंजिन घरी खोलताय? या चुका टाळा

पावसाळ्यात होड्या वर ओढून झापांनी शाकारल्या की मालवणपासून हर्णैपर्यंत कित्येक पडव्यांत आउटबोर्ड इंजिनं, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायची इंजिनं, खोलली जातात. आठ, दहा, पंधरा हॉर्सपॉवरची जुनी टू-स्ट्रोक इंजिनं घरी नीट होण्यासारखीच असतात. तरी त्यातली बरीच पहिल्याच फेरीत पुन्हा जाम होतात आणि दोष पिस्टनवर जातो. माझ्या मते पिस्टन-रिंगा बदलणं हा त्यातल्या त्यात सोपा भाग. इंजिन मरतं ते पाणी न फिरल्यामुळे, नाहीतर नको तिथून हवा आत शिरल्यामुळे.

न मोजता खोलू नका

सगळे प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरातला दाब मोजणारं यंत्र) लावून दोरी जोरात ओढा. नुसत्या आकड्यापेक्षा दोन सिलिंडरांमधला फरक जास्त सांगतो. एकात 120 आणि दुसऱ्यात 80 पीएसआय आला, तर कमी असलेल्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा झिजल्यात. नाही चढला तर आधी हेड गास्केट पाहा. दोन्हीकडे सारखं, चांगलं कॉम्प्रेशन असेल तर ब्लॉकला हात लावू नका. कार्बोरेटर आणि स्पार्क तपासा.

जाम बोल्टवर जोर नको

ॲल्युमिनियमच्या ब्लॉकात स्टीलचा बोल्ट आणि वर खारं पाणी, म्हणजे आट्यांत पांढरी भुकटी घट्ट बसलेली. पान्याला लांब पाइप लावला की डोकं तुटून हातात येतं. गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू द्या. मग पेट्रोलची टाकी, नळ्या आणि तेलाचे फडके लांब ठेवून बोल्टच्या भोवतालचा ब्लॉक तापवा. ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त फुगतं. आधी किंचित आवळा, मग सोडा, असं मागेपुढे करत काढा. फ्लायव्हील, म्हणजे क्रँकवरचं जड चाक, काढायला मात्र पुलरच (खेचून काढायचं हत्यार) हवा, तोही मधल्या आट्यांच्या भोकांत बोल्ट लावून. हातोडीने क्रँकचे आटे चेपतात, मॅग्नेट तडकतात.

पाण्याची वाट

इथे कंजुषी नको. इंपेलर, म्हणजे पाण्याच्या पंपातलं रबरी पात्यांचं चक्र, दिसायला चांगला वाटला तरी नवा घाला. त्याची चावी शाफ्टच्या खाचेत बसलीय ना, ते पाहा. शाफ्ट इंजिन चालताना फिरतो त्याच दिशेने फिरवत इंपेलर घरात सरकवा, म्हणजे पाती योग्य बाजूला वाकतात. खालचा भाग जोडताना पाण्याची नळी पंपाच्या रबरात नेमकी शिरली पाहिजे. ती बाजूला राहिली तर नवा इंपेलरही फुकट. हेडमधल्या पाण्याच्या वाटा मिठाने बुजलेल्या असतात, त्या खरवडून काढा. थर्मोस्टॅट (तापल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप) पातेल्यातल्या पाण्यात सोडून तापवा; पाणी उकळायच्या कितीतरी आधी तो उघडला पाहिजे.

“नुसतं चालू करून बघू” म्हणत कोरडं इंजिन सुरू करणं ही सगळ्यात महागडी चूक. काही सेकंदांतच इंपेलरचं रबर खराब होतं. मोठ्या पिपात उभं करा, पाणी पंख्यावरच्या आडव्या पट्टीच्या वर हवं. इंजिनाच्या बाजूच्या छिद्रातून पाण्याची धार आली नाही तर लगेच बंद करा आणि आधी छिद्रात बारीक तार घाला. वर्षभर पडून असलेल्या इंजिनात तिथे कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं असू शकतं.

चोरटी हवा

टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-ऑइलचं मिश्रण आधी क्रँककेसमधून, म्हणजे क्रँक फिरतो त्या बंद पोकळीतून, जातं. तिथल्या जोडातून किंवा जुन्या क्रँक सीलमधून हवा शिरली की मिश्रणात हवा जास्त होते, ऑइल कमी पोचतं, पिस्टन तापून ओरखडतो. मंद चालवताना इंजिन आपोआप भरधाव होत असेल आणि प्लग पांढराफटक निघत असेल, तर संशय इथेच घ्या. सील नवे घाला. क्रँककेसच्या दोन अर्ध्या भागांचे काठ ब्लेडने खरवडू नका, आणि इंजिनाच्या पुस्तकात सांगितलेलाच सीलंट पातळ थरात लावा. कागदी पॅकिंग मनाने घातलं तर बेअरिंगचं माप चुकतं.

रिंगांच्या खाचेत बारीक पिन असते. रिंगेची दोन टोकं तिच्या दोन बाजूंना आली नाहीत तर रिंग मोडते. पिस्टनची पिन जागेवर धरणारी सर्क्लिप दर वेळी नवी. हेडचे बोल्ट मधून बाहेर, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचनेच आवळा.

गिअर ऑइल दुधाळ निघालं तर पाणी शिरलंय. पंखा काढून पाहा. मागे गुंडाळलेली गळाची तंगूस सील कापते. नवं ऑइल खालच्या भोकातून भरा, वरून बाहेर येईपर्यंत.

पेट्रोलमध्ये मोटरसायकलचं टू-टी ऑइल नको, आउटबोर्डसाठीचं टीसी-डब्ल्यू 3 हवं. 50:1 म्हणजे लिटरला 20 मिली. नव्या रिंगांसाठी बहुतेक ठिकाणी पहिले 10 तास 25:1, म्हणजे 40 मिली सांगतात. तुमच्या मॉडेलचं पुस्तक पाहूनच ठरवा. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुन्या रबरी नळ्या फुगतात, त्या बदला. पहिल्या 10 तासांत सतत पूर्ण थ्रॉटल नको. नंतर गिअर ऑइल काढून उजेडात धरा: बारीक भुकटी चालेल, धातूचे तुकडे दिसले तर गिअर बॉक्स पुन्हा खोला.