लेथ, ड्रिल, ग्राइंडरवर काम करताय? मग या चुका टाळा

सगळ्यात आधी हातमोजे. नवीन पोरांना वाटतं मोजे घातले म्हणजे हात वाचला. पत्रा उचलताना, जॉब (ज्यावर काम करायचं तो धातूचा तुकडा) हलवताना जरूर घाला, पण लेथ किंवा ड्रिल फिरत असताना नाही म्हणजे नाही. आमच्या शॉपमध्ये एक हेल्पर ड्रिलवर होता, बिटाभोवती लांब बर (कापताना निघणारी धातूची धारदार पट्टी) गुंडाळली गेली म्हणून चालू मशीनवरच बोटाने काढायला गेला, मोज्याचा धागा बरीत अडकला आणि काही कळायच्या आत हात बिटाकडे खेचला गेला. शेजारच्या ऑपरेटरने पळत येऊन लाल बटन दाबलं, पण स्पिंडल (मशीनचा फिरणारा दांडा) काय जागच्या जागी थांबत नाही. दोन बोटं गेली. उघड्या हाताला बर लागली असती, टाके पडले असते, पण हात मागे घेता आला असता. मोजा एकदा अडकला की सोडत नाही.

बर काढायची ती मशीन बंद करून, हुकने नाहीतर ब्रशने. एअर गन मारू नका, कण उडून शेजारच्याच्या डोळ्यात जातात. अंगठी, कडं, गळ्यातलं आयकार्ड, सैल बाही, हे सगळं मशीनपासून लांब.

चकची (जॉब किंवा बिट पकडणाऱ्या जबड्याची) चावी चकमध्ये ठेवून हात सोडायचा नाही. दुसरं काहीही करायचं असलं तरी आधी चावी बाहेर.

आता ग्राइंडरचा गार्ड, म्हणजे डिस्कवरचं संरक्षक झाकण. "काढला की नीट दिसतं" हे ऐकून ऐकून कान किटलेत. 4 इंची ग्राइंडर साधारण 11,000 आरपीएमने (मिनिटाला इतके फेरे) फिरतो, म्हणजे डिस्कची कडा ताशी 200 किलोमीटरच्या वर पळते, तुकडा उडाला तर मध्ये तो गार्डच असतो. त्यात काहीजण गार्ड काढून बुश (डिस्कचं मोठं भोक जुळवायची रिंग) टाकून 7 इंची डिस्क बसवतात, जिच्यावर 8,500 च्या आसपासच आरपीएम छापलेला असतो. ती फुटणारच हो! छापलेला आकडा वाचायला किती वेळ लागतो? मी नवीन डिस्क लावली की बाजूला उभं राहून मिनिटभर मोकळी फिरवतो, मगच जॉबला लावतो. डिस्क बदलताना प्लग काढलेला हवा. कटिंग डिस्कच्या बाजूने घासायचं नाही.

ड्रिलवर छोटा जॉब हातात धरू नका, बिट आरपार जाताना जॉबला पकडून गरकन फिरवतं. व्हाइस (जॉब घट्ट पकडणारा शिकंजा) वापरा.

बेंच ग्राइंडरच्या रेस्ट (जॉब टेकवायची पट्टी) आणि व्हीलमध्ये 3 मिमीपेक्षा जास्त गॅप नको.

आणि फिरत्या जॉबला व्हर्नियर (माप घ्यायचं साधन) लावणारे... टार्गेटची घाई मलाही कळते, पण चक थांबेपर्यंत ज्याला दम निघत नाही त्या पोराला मी लेथवर उभंच करत नाही.