दोन पगार, पाच कर्जं: कोणतं आधी फेडायचं आणि कसं

घोडबंदर रोडला वन बीएचके, दोघांचे मिळून हातात ९२,००० आणि तरी वीस तारखेनंतर भाजीसुद्धा कार्डावर. अशा घरात पैसा कमी पडतो त्यापेक्षा तो चुकीच्या क्रमाने आणि चुकीच्या तारखेला जातो. ते सुरळीत करायला दीड-दोन वर्षं लागतात. कसं, ते याच घराच्या हिशोबावरून पाहू.

एका रविवारी दुपारी, मुलं झोपल्यावर, दोघांनी दोन्ही फोन आणि एक साधी वही घेऊन बसायचं. प्रत्येक कर्जाची एक ओळ: आज बाकी किती, व्याज किती टक्के, हप्ता किती, कोणत्या तारखेला, कोणाच्या खात्यातून, किती हप्ते उरले. आकडे आठवणीतून लिहू नका. बँकेच्या ॲपमधून कर्जाचं स्टेटमेंट काढा. त्यानंतर दोघांचेही क्रेडिट रिपोर्ट काढा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांना वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावाच लागतो. विसरलेलं ‘बाय नाऊ पे लेटर’ किंवा मोबाइलच्या हप्त्याचं कर्ज तिथेच सापडतं.

रिपोर्टात न दिसणारं कर्जही वहीत आलं पाहिजे: मेहुण्याकडून घेतलेले ४०,०००, पगारातून कापला जाणारा ऑफिसच्या पतपेढीचा हप्ता, उचलून झालेल्या भिशीचे राहिलेले हप्ते, सोसायटीच्या मेंटेनन्सची थकबाकी. कोणाला जामीन राहिला असाल तर तेही लिहा. “अगं, भिशीचे अजून चार हप्ते आहेत” हे तिसऱ्या महिन्यात निघालं की सगळं गणित कोसळतं, शिवाय भांडण होतं ते वेगळंच. पहिल्या बैठकीत ‘हे घेतलंच कशाला’ हा विषय काढायचा नाही.

आपल्या उदाहरणातल्या घराची वही अशी दिसते:

गृहकर्ज ३४ लाख, ८.५ टक्के, २० वर्षं, हप्ता सुमारे २९,५००
पर्सनल लोन २.५ लाख, १५ टक्के, ३६ हप्ते, हप्ता ८,६६६
स्कूटर, हप्ता ३,२००, आठ हप्ते बाकी
सोनेतारण १.२ लाख, १२ टक्के, महिन्याला व्याज १,२००
क्रेडिट कार्ड ९०,०००, महिन्याला ३.५ टक्के

कार्ड सोडून महिन्याला ४२,५६६ जातात. घरखर्च, मेंटेनन्स, लोकलचे पास, शाळेची बस यांचे ३२,०००. ६,००० वर्षाच्या खर्चासाठी बाजूला (त्याबद्दल खाली). राहतात अकरा हजार आणि चिल्लर. सगळा खेळ या अकरा हजारांचा आहे.

ते सगळे कार्डात टाका. कारण ९०,००० वर ३.५ टक्क्यांनी महिन्याचं व्याज ३,१५०, त्यावर १८ टक्के जीएसटी ५६७, एकूण ३,७१७. मिनिमम ड्यू, म्हणजे दर महिन्याला भरावीच लागणारी किमान रक्कम, पाच टक्के धरला तर ४,५००. तेवढेच भरलेत तर मुद्दल ७८३ रुपयांनी कमी होईल. वर्षभर भरत राहाल आणि कार्ड जिथल्या तिथे. शिवाय जुनी बाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, आज घेतलेल्या दुधाच्या पिशवीवर आजपासून व्याज लागतं. म्हणून पहिल्या दिवशी कार्ड पाकिटातून, शॉपिंगच्या ॲपमधून आणि यूपीआयमधून काढा. रुपे कार्ड यूपीआयला जोडलेलं असेल तर वडापावसुद्धा त्यावर जातो आणि कळत नाही.

दर महिन्याला ११,००० भरले आणि नवीन काही घेतलं नाही, तर आठव्या महिन्याच्या शेवटी सुमारे २२,६०० उरतात. तोवर स्कूटर संपते. तिचे ३,२०० खर्चात मिसळू न देता नवव्या महिन्यापासून कार्डातच टाकायचे. दहाव्या महिन्यात कार्ड शून्य. व्याज आणि जीएसटी मिळून सुमारे २२,००० जातील.

हे २२,००० कमी करता येतात. कार्डाची बाकी १५-१६ टक्क्यांच्या हप्त्यांत बदलून घ्या किंवा घरात सोनं असेल तर तेवढ्यापुरतं तारण ठेवून कार्ड एका फटक्यात भरा. १२ टक्क्यांनी ९०,००० चं व्याज महिन्याला ९०० होतं, ३,७१७ नाही. पण एक अट पाळायची: त्याच दिवशी कार्डाची लिमिट उतरवून १५-२० हजारांवर आणायची. नाहीतर सहा महिन्यांत सोनंही बँकेत आणि कार्डही भरलेलं, हा प्रकार फार घरांत होतो. आणि स्त्रीधनावर निर्णय बायकोचा. तिने नको म्हटलं तर कार्ड हप्त्यांत बदलायचं, विषय संपला.

कार्डाच्याही आधी एक काम आहे. १५-२० हजार वेगळ्या बचत खात्यात हवेत, एटीएम कार्ड घरी ठेवलेल्या. जुलैत गाडी पाण्यात बंद पडली, मुलाला डेंग्यू झाला, की हे पैसे नसतील तर हात परत क्रेडिट कार्डाकडेच जातो. पहिले दोन महिने कार्डात कमी भरून हा गल्ला केला तरी चालेल, दहाचे बारा महिने होतील.

आता ते ६,०००. जूनमधली शाळेची फी, वह्या, गणवेश, मालमत्ता कर, गणपतीला कोकणात जाणं-येणं, दिवाळी, विम्याचे हप्ते. मागच्या वर्षीची बेरीज करा, बाराने भागा आणि पगाराच्या दुसऱ्याच दिवशी तेवढी रक्कम आरडीत जाऊ द्या. ७२,००० निघाले तर ६,०००. हे खर्च अचानक येत नाहीत, दरवर्षी ठरल्या महिन्यात येतात, तरी निम्मं कार्ड याच खर्चांनी भरतं. मालमत्ता कर थकवू नका, महापालिका थकबाकीवर महिन्याला दोन टक्के शास्ती लावते. मेंटेनन्स थकला तर आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटी वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज लावू शकते, म्हणजे ते तुमच्या पर्सनल लोनहून महाग.

तारखांकडे कोणी बघत नाही. नवऱ्याचा पगार एक तारखेला, बायकोचा सात तारखेला आणि तिच्या खात्यातला हप्ता पाच तारखेला, तर तो बाउन्स होणारच. मग कर्ज देणारा दंड लावतो, खातं असलेली बँक वेगळा लावते, शिवाय सिबिलवर डाग. उपाय सोपा आहे: हप्त्यांसाठी एकच खातं ठेवा, पगार आला की दोघांनी ठरलेली रक्कम त्यात टाकायची. शक्य असेल तिथे अर्ज करून हप्त्याची तारीख १० करून घ्या. या खात्यात एका हप्त्याएवढी रक्कम कायम पडून असली की झोप लागते.

कार्ड संपलं की १४,२०० रुपये सोनेतारणाकडे. साधारण अठराव्या महिन्यात दागिने घरी. मात्र सोनेतारणाची मुदत बहुधा १२ महिन्यांची असते. मुदत संपायच्या आधी व्याज भरून नूतनीकरण करा, लिलावाच्या नोटिशीची वाट पाहू नका. दिवाळीचा बोनस आला तर अर्धा इथेच.

पर्सनल लोनच्या बाबतीत घाई नडते. आधी फेडलं की वाचतं, असं सरसकट नाही. १२ हप्ते उरलेले असताना मुद्दल सुमारे ९६,००० आणि पुढचं व्याज सुमारे ८,०००. फोरक्लोजरचे, म्हणजे मुदतीआधी कर्ज बंद करण्याच्या दंडाचे, चार टक्के अधिक जीएसटी म्हणजे ४,५००. वाचतात साडेतीन हजार. सहा हप्ते उरलेले असताना पुढचं व्याज २,२०० आणि दंड २,३५०, म्हणजे उलट तोटा. करारातला फोरक्लोजरचा आकडा वाचूनच ठरवा.

त्याऐवजी गृहकर्जाकडे वळा. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर व्यक्तीला मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही. वर्षाला एक जादा हप्ता भरला तर वरच्या कर्जाची तीन वर्षांहून जास्त मुदत कमी होते. भरताना ‘मुदत कमी करा, हप्ता तोच ठेवा’ असं लेखी द्या. जुनं कर्ज अजून एमसीएलआरवर (बँक स्वतःच्या खर्चावरून ठरवते तो दर) असेल तर रेपोशी (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो दर) जोडलेल्या दरावर नेण्याची फी विचारा. २०२२-२३ मध्ये रेपो ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला तेव्हा अनेकांचा हप्ता तोच राहिला आणि मुदत मात्र गुपचूप लांबली. उरलेले महिने एकदा मोजाच.

मध्येच फोन येतील: “सर, तुम्हाला टॉप-अप मंजूर आहे.” सगळी कर्जं एकत्र करून हप्ता निम्मा करणारं टॉप-अप, म्हणजे गृहकर्जावरचं वाढीव कर्ज, कार्डाचं देणं १५ वर्षांवर नेऊन ठेवतं. कर्जाची ॲप्स काढून टाका. खाजगी सावकाराकडे जावंच लागलं तर आधी परवाना दाखवायला सांगा, कोरा चेक किंवा कोरा स्टॅम्प पेपर सहीने देऊ नका. वसुलीवाल्यांना सकाळी ८ ते संध्याकाळी ७ याबाहेर फोन करता येत नाही. लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर बँकेविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

‘सेटलमेंट करू, ४० टक्के माफ’ ही ऑफर अगदी हातघाईवर आल्याशिवाय घेऊ नका. रिपोर्टावर ‘क्लोज्ड’ऐवजी ‘सेटल्ड’ लागतं आणि पुढचं कर्ज अडतं.

प्रत्येक कर्ज संपलं की कागद त्याच आठवड्यात. नो ड्यूज दाखला घ्या. कार्ड बंद करत असाल तर बाकी शून्य असल्याचं पत्र घ्या. स्कूटरसाठी बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा बोजा उतरवा, ठाण्यात एमएच-०४, नवी मुंबईत एमएच-४३ च्या आरटीओत. एनओसीची मुदत साधारण तीन महिने असते, कपाटात ठेवून विसरलात तर पुन्हा मागावी लागते. गृहकर्ज फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत मिळायलाच हवेत, उशीर बँकेचा असेल तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. दोनेक महिन्यांनी सिबिल पुन्हा काढा, कर्ज अजून चालू दिसत असेल तर नो ड्यूज जोडून तिथेच ऑनलाइन दुरुस्ती मागा.