प्रेशर कुकर कसा निवडावा आणि कसा वापरावा

समुद्रसपाटीवर उघड्या पातेल्यातील पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळू लागले, की त्यानंतर आच कितीही वाढवली तरी त्याचे तापमान पुढे सरकत नाही. वाढते ती फक्त वाफ. प्रेशर कुकर हीच वाफ कोंडून धरतो. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १ बारने, म्हणजे चौरस इंचामागे १५ पौंडांनी वाढला, की पाणी सुमारे १२१ अंशांपर्यंत तापू शकते आणि कडधान्ये किंवा चिवट मांस उघड्या भांड्याच्या तुलनेत तिसरा हिस्सा वेळात, कित्येकदा त्याहूनही लवकर शिजते. डेनिस पापिन या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ साली लंडनमध्ये असे बंद भांडे करून दाखवले आणि जादा वाफेला वाट देणारी झडपही त्याला बसवली. आजच्या कुकरमध्येही मूळ रचना तीच आहे, आणि ती एकदा नीट समजली की कुकरची निवड आणि वापर या दोन्ही गोष्टी सोप्या होतात.

आकारमान ठरवताना

कुकरवर लिहिलेले लिटर म्हणजे काठोकाठ भरल्यावरचे माप असते. प्रत्यक्षात कुकर दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरायचा नसतो आणि फेसाळणाऱ्या पदार्थांसाठी तर निम्माच भरायचा असतो, म्हणून ५ लिटरच्या कुकरमध्ये एका वेळी अडीच ते सव्वातीन लिटर पदार्थच शिजवता येतो, हे हिशेबात धरून खरेदी करावी. दोघातिघांना ३ लिटरचा आणि चारपाच जणांना ५ लिटरचा कुकर सहसा पुरतो. आत डबे ठेवून एकाच वेळी दोनतीन पदार्थ शिजवायचे असतील, तर त्याहून मोठा आणि उंच कुकर घ्यावा. पाहुण्यांचा विचार करून एकच अवाढव्य कुकर घेणे मात्र मला पटत नाही. मोठ्या भांड्यात थोडासा पदार्थ शिजवताना दाब यायला वेळ लागतो, इंधन वाया जाते, आणि जड भांडे रोज उचलण्याघासण्याचा कंटाळा येऊन शेवटी तो फडताळातच पडून राहतो. रोजचा एक मध्यम आणि मोठ्या स्वयंपाकाचा एक निराळा, अशी जोडी जास्त उपयोगी पडते.

धातू, तळ आणि झाकण

ॲल्युमिनियम हलके असते आणि उष्णता झटपट व सारखी पसरवते. मात्र टोमॅटो, चिंच, लिंबू अशा आंबट पदार्थांशी त्याची प्रक्रिया होते आणि जड पाण्यामुळे ते आतून काळवंडते. हार्ड ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमवरचा कठीण थर ही अडचण बऱ्याच अंशी दूर करतो, पण तो थर तारेच्या घासणीने खरवडून काढू नये. स्टेनलेस स्टील आंबटाला दाद देत नाही आणि वर्षानुवर्षे टिकते. उष्णता मात्र ते सावकाश आणि असमान वाहून नेते, त्यामुळे पातळ तळाच्या स्टीलच्या कुकरमध्ये पदार्थ मध्यभागी करपतो. म्हणून स्टीलचा कुकर घ्यायचा तर दोन थरांमध्ये ॲल्युमिनियम दाबून बसवलेल्या जाड तळाचाच घ्यावा. शेगडी इंडक्शनची असेल, तर तळाला लोहचुंबक घट्ट चिकटतो का, हे दुकानातच पाहून घ्यावे.

झाकणे दोन प्रकारची असतात. आतून बसणारे अंडाकृती झाकण तिरके करून भांड्यात सोडावे लागते आणि मग फिरवून काठाखाली टेकवावे लागते. दाब वाढेल तसे ते काठावर अधिकच घट्ट दाबले जाते, त्यामुळे आत दाब असेपर्यंत ते उघडत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. बाहेरून बसणाऱ्या झाकणाच्या कुकरचे तोंड मोकळे असते, त्यातले डबे सहज आतबाहेर करता येतात आणि फोडणी परतणेही सोपे जाते. पण अशा कुकरमध्ये दाब असताना झाकण फिरू न देणारी अडकण असायलाच हवी.

झडपेचे प्रकारही असेच दोन. एकात वाफेच्या नळीवर वजन, म्हणजे आपली नेहमीची शिट्टी, ठेवलेली असते, तर दुसऱ्यात स्प्रिंगची झडप असते आणि वर येणाऱ्या छोट्या दांडीवरून दाब किती झाला ते कळते. स्प्रिंगची झडप आवाज कमी करते आणि वाफ कमी दवडते. वजनाची शिट्टी साधी असते आणि घरी स्वच्छ करायला सोपी जाते. कोणताही प्रकार घेतला, तरी त्या कुकरचे गॅस्केट (झाकणातले रबरी कडे) आणि सेफ्टी व्हॉल्व्ह (धोका वाढल्यास वितळून वाफेला वाट देणारी झडप) पुढेही सुटे मिळत राहतील ना, याची खात्री करून घ्यावी. माझ्या मते हा निकष रंगरूपाच्या, आणि कधीकधी किमतीच्याही, आधी लावायला हवा.

दर वेळची तपासणी

नवा कुकर आणल्यावर तो धुऊन त्यात दोन कप पाणी घालावे, दाब येऊ द्यावा, पाच मिनिटे तो टिकवावा आणि मग निवू द्यावा. काठातून वाफ गळते का, झाकण नीट फिरते का आणि शिट्टी मोकळी उचलली जाते का, हे या तालमीत कळते.

त्यानंतर प्रत्येक वेळी कुकर लावण्याआधी झाकण हातात घेऊन उजेडाकडे धरावे आणि वाफेच्या नळीतून पाहावे. पलीकडचा उजेड स्वच्छ गोल दिसला पाहिजे. कडेला चिकटलेले डाळीचे साल किंवा भाताचे शीत दिसले, तर ते बारीक काडीने काढून नळी वाहत्या पाण्याखाली धरावी. पाठोपाठ गॅस्केटवरून बोट फिरवावे. ते लवचिक लागले पाहिजे आणि त्यावर चीर नसावी. या सगळ्याला अर्धे मिनिटही लागत नाही, पण कुकरचे बहुतेक अपघात तुंबलेल्या नळीमुळे किंवा जबरदस्तीने उघडलेल्या झाकणामुळे होतात, हे लक्षात घेतले तर ते अर्धे मिनिट टाळावेसे वाटणार नाही.

भरणे आणि दाब आणणे

तळाशी किमान एक ते दीड कप पाणी किंवा पाण्यासारखा पातळ रस असावा. डब्यांत पदार्थ शिजवायचा असेल, तर जाळीखाली पाणी घालून डबे वर ठेवावेत आणि सर्वांत वरचा डबा वाफेच्या नळीला भिडणार नाही असे पाहावे. तांदूळ, डाळी आणि कडधान्ये फुगतात व फेसाळतात, म्हणून ती घातलेला कुकर निम्म्याच्या वर भरू नये. चमचाभर तेल टाकले की फेस कमी येतो. ओट्स, सातू, नूडल्स यांसारखे चिकट, फसफसणारे पदार्थ थेट कुकरमध्ये शिजवू नयेत, कारण त्यांचा फेस नळीत जाऊन बसतो. पीठ लावून रस दाट करायचा असेल, तर ते झाकण उघडल्यानंतर लावावे. फोडणीपुरते तेल चालते, पण झाकण लावून दाबाखाली तळण कधीही करू नये. त्यासाठी घरगुती कुकर बनवलेलाच नसतो.

झाकण लावल्यावर आच मोठी ठेवावी, मात्र ज्योत तळाच्या बाहेर येऊ देऊ नये. शिट्टी सुटी काढता येत असेल, तर ती लगेच बसवू नये. आधी नळीतून थांबत थांबत, पाण्याचे थेंब उडवत वाफ येते. थोड्या वेळाने ते थेंब थांबतात आणि सरळ, अखंड वाफेची धार सुरू होते. आतली हवा निघून गेल्याची ही खूण असते आणि शिट्टी ठेवायची ती याच वेळी. हवा आत अडकली, तर एकूण दाबातला काही वाटा हवेचा असतो, वाफेचा वाटा त्या मानाने कमी पडतो आणि दाब पुरेसा असूनही तापमान अपेक्षेइतके चढत नाही.

शिट्ट्या मोजाव्यात की मिनिटे

या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्ट आहे: मिनिटे मोजावीत. आतल्या वाफेचा जोर वजनापेक्षा जास्त झाला, की वजन उचलले जाते आणि जादा वाफ बाहेर पडते. म्हणजे शिट्टी फक्त एवढेच सांगते की कुकरला गरजेपेक्षा जास्त उष्णता मिळते आहे. आतले तापमान त्या वजनानेच ठरवून दिलेले असल्यामुळे पहिल्या शिट्टीनंतर आच मोठी ठेवून पदार्थ लवकर शिजत नाही. पाणी मात्र आटते. तोच पदार्थ मोठ्या आचेवर पाच मिनिटांत चार शिट्ट्या देईल आणि बारीक आचेवर पंधरा मिनिटांत एकही देणार नाही, आणि तरी अधिक शिजलेला दुसराच असेल. शेगडी, कुकर किंवा पदार्थाचे प्रमाण यांपैकी काहीही बदलले, की शिट्ट्यांचा हिशेब कोलमडतो.

म्हणून पहिली शिट्टी झाली, किंवा स्प्रिंगच्या कुकरमधली दांडी पूर्ण वर आली, की घड्याळ लावावे आणि आच एवढी मंद करावी, की वजनाच्या कडेने बारीक फुसफूस ऐकू येत राहील पण शिट्टी क्वचितच होईल. फुसफूस पूर्ण थांबली तर दाब उतरू लागला असे समजून आच किंचित वाढवावी. इलेक्ट्रिक शेगडीची तबकडी निवायला वेळ लागतो, त्यामुळे तिच्यावर दाब येण्याच्या थोडे आधीच आच कमी करावी लागते.

१ बार दाबाच्या कुकरसाठी पुढील वेळा सुरुवातीला धराव्यात आणि मग आपल्या अनुभवाने मागेपुढे कराव्यात. पांढऱ्या तांदळाला चार ते पाच मिनिटे आणि त्यानंतर आपोआप दाब उतरू देणे. अख्ख्या मसुराला सात ते आठ. भिजवलेल्या राजम्याला दहा ते बारा आणि भिजवलेल्या हरभऱ्याला बारा ते पंधरा. मध्यम आकाराच्या अख्ख्या बटाट्यांना बारा ते पंधरा. कोंबडीच्या तुकड्यांना आठ ते दहा. हाडासकट चिवट मांसाला तीस ते पस्तीस. पदार्थ थेट कुकरमध्ये न घालता डब्यात ठेवला असेल, तर काही मिनिटे जास्त द्यावी लागतात. समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या वर राहणाऱ्यांनी पुढच्या प्रत्येक ३०० मीटरला सुमारे पाच टक्के वेळ वाढवावा, कारण तिथे बाहेरच्या हवेचाच दाब कमी असतो आणि त्या प्रमाणात कुकरमधले तापमानही थोडे कमी राहते.

राजम्याबद्दल थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. कच्च्या राजम्यात पोट बिघडवणारे लेक्टिन नावाचे एक प्रथिन असते, ते नीट उकळल्यावर नष्ट होते, पण अर्धवट शिजलेल्या दाण्यांत शिल्लक राहू शकते. राजमा किमान पाच तास भिजवावा, ते पाणी टाकून द्यावे आणि ताज्या पाण्यात तो बोटांनी सहज चिरडेल इतका शिजवावा. कोणतेही कडधान्य शिजत नसेल, तर आधी आंबट पदार्थाकडे बोट दाखवावे: चिंच, टोमॅटो किंवा लिंबू आधीच घातले की साल आणि गर मऊ व्हायला वेळ लागतो. आंबट नंतर घालावे. जुने दाणे आणि जड पाणी हीसुद्धा नेहमीची कारणे आहेत.

दाब उतरवणे आणि झाकण उघडणे

दाब उतरवण्याची सर्वांत चांगली पद्धत म्हणजे आच बंद करून कुकर तसाच ठेवणे. दहा ते वीस मिनिटांत दाब आपोआप उतरतो आणि तेवढ्या वेळात पदार्थ आतल्या उष्णतेवर शिजत राहतो, म्हणून शिजण्याची वेळ ठरवताना हाही काळ धरावा. आतले पाणी अजून १०० अंशांच्या वर असताना एकदम वाफ सोडली, तर ते सगळे एकाच वेळी खळखळून उकळते. त्यात डाळीचा फेस झडपेतून बाहेर येतो, कडधान्यांची साले फुटतात आणि मांस कोरडे पडते. या पदार्थांना सावकाश निवू द्यावे. झटपट शिजणाऱ्या भाज्यांच्या बाबतीत मात्र वाट पाहिली, तर त्यांचा लगदा होतो. त्यांची वाफ लगेच सोडावी किंवा धातूच्या झाकणाच्या कडेवर थंड पाण्याची बारीक धार धरावी. पाणी नळीवर किंवा झडपेवर पडू देऊ नये.

शिट्टी हलक्या हाताने उचलून पाहावी आणि वाफेचा आवाज आला नाही तरच झाकणाला हात लावावा. झाकण सहज फिरत नसेल, तर आत दाब आहे असेच समजावे आणि थांबावे. जोर लावू नये. दाट रश्श्यात वाफेचे बुडबुडे अडकलेले असतात, म्हणून उघडण्याआधी कुकर किंचित हलवावा. झाकण उचलताना त्याची पलीकडची कड आधी वर करावी, म्हणजे वाफ चेहऱ्याकडे येत नाही.

निगा आणि बिघाड

वापर झाल्यावर गॅस्केट काढून धुवावे, कोरडे करावे आणि झाकण न लावता, उलटे करून भांड्यावर ठेवावे. त्यामुळे रबर दबून राहत नाही आणि आत कुबट वास साचत नाही. रोज वापर असेल, तर गॅस्केट साधारण वर्षाने बदलावे. ते कडक झाले किंवा काठातून वाफ गळू लागली, तर आधीच बदलावे. काळवंडलेल्या ॲल्युमिनियममध्ये लिंबाची साले किंवा चिंच घालून पाणी उकळले, की डाग बरेच फिके पडतात.

सेफ्टी व्हॉल्व्ह वितळून वाफ बाहेर पडली, तर कुकरने आपले काम केले असे समजावे. आच बंद करून कुकर पूर्ण निवू द्यावा आणि मग कारण शोधावे. सहसा पाणी संपलेले असते किंवा नळी तुंबलेली असते. त्या जागी त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा व्हॉल्व्ह बसवावा. खिळा ठोकून किंवा डाख लावून ते भोक बंद करणे म्हणजे जादा दाबाची शेवटची वाटही बुजवणे होय. तळ फुगून डगमगू लागला असेल, काठाला पोचा आला असेल किंवा झाकणाच्या पकडीचे दाते झिजले असतील, तर त्या कुकरची दुरुस्ती करत बसू नये; तो दाबाखाली वापरणे थांबवावे.