माशाच्या तेलाची कॅप्सूल: डबी फिरवून मागचं वाचा

सांध्यांसाठी फिश ऑइल घेताना पुढे ठळक छापलेल्या '१००० मिग्रॅ'वर जाऊ नका. तो तेलाचा आकडा. कामाचं ते ईपीए आणि डीएचए, म्हणजे तेलातली ओमेगा-३ मेदाम्लं. साध्या कॅप्सूलमध्ये बहुधा १८० + १२०, म्हणजे जेमतेम ३००.

१. मागच्या बाजूला ईपीए-डीएचएची बेरीज करा. एका कॅप्सूलच्या किमतीला तिने भागा, मग कुठली डबी स्वस्त ते कळतं.

२. रिकाम्या पोटी नको. भरल्या जेवणासोबत घ्या, रस्सा-भाकरीचं जेवण उत्तम. तेल नीट शोषलं जातं, माशाचे ढेकरही कमी येतात.

३. डबी उघडल्यावर एक कॅप्सूल सुईने टोचून वास घ्या. माशाचा हलका वास चालेल; जुन्या रंगासारखा उग्र आला तर तेल खवट झालंय, परत करा. (लिंबाचा स्वाद घातलेल्यात हे लपतं.) कोल्हापुरात एप्रिल-मेमध्ये डबी फ्रिजमध्येच बरी.

दोन-तीन महिन्यांआधी फरक शोधू नका. आमवाताच्या सकाळच्या आखडण्यात थोडा उतार पडतो. झिजलेल्या गुडघ्याला फारसा नाही. जवसाची चटणी खा जरूर, पण तिच्यातल्या ओमेगा-३ पासून शरीरात ईपीए फार थोडं बनतं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, हृदयाचे ठोके अनियमित असतील किंवा ऑपरेशन ठरलं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.